दुखणं पोटात, कारण वहीत

सातवीतली एक मुलगी आईबरोबर ओपीडीत तिसऱ्यांदा आली होती. तक्रार तीच : सकाळी बेंबीभोवती दुखतं, मळमळतं. आधीच्या दोन्ही वेळी मी पोट तपासून जंताची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध लिहून दिलं होतं. या वेळी सोनोग्राफी, रक्त, लघवी असे सगळे अहवाल समोर होते आणि सगळे चांगले होते. आई म्हणाली, "रविवारी दुखत नाही बघा. मे महिन्यात तर एकदाही नाही." मग हळू आवाजात म्हणाली, "तिचे बाबा म्हणतात, झेपत नसेल तर शाळा सोडवू."

केसपेपरच्या मागच्या बाजूला मी तिला ५२ वजा २७ करायला दिलं. तिने उत्तर लिहिलं ३५. दुसरी-तिसरीतली हातच्याची वजाबाकी तिला कधी समजलीच नव्हती. वर्गात मात्र बैजिक राशी सुरू होत्या.

असं दुखणं खोटं नसतं. मेंदू आणि आतडी चेतातंतूंनी जोडलेली आहेत; मन धास्तावलं की पोटात खरोखर मुरडा येतो. शिवाय गणित सोडवताना आकडे थोडा वेळ डोक्यात धरून ठेवावे लागतात. भीती नेमकी तीच जागा अडवते. त्यामुळे येत असलेलंही चुकतं, आणि चुकलं की भीती वाढते.

घरचे म्हणतात, "घाबरू नकोस, तुला येईल." पण आत्मविश्वास बोलून येत नाही, काहीतरी स्वतःला जमलं की त्याच्या मागोमाग येतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी तिसरीतल्या मुलांना आठ आठवडे एकेकट्याला गणित शिकवलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ज्यांना गणिताची भीती जास्त होती त्यांची ती कमी झाली. मेंदूतल्या भीतीशी निगडित 'अमिग्डाला' या भागाची वाढलेली हालचालही उतरली. गणिताच्या भीतीवर औषध ठरलं ते गणितच.

म्हणून शिकवणी लावताना मुलाची इयत्ता नव्हे, मूल कुठे अडलंय ते पाहावं. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेचं कामही मुलाच्या पातळीपासून शिकवण्याच्या याच तत्त्वावर वाढलं. चाळीस मुलांच्या क्लासमध्ये शाळेचाच धडा पुन्हा वेगाने उरकणं म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलाला भीतीचा दुसरा डोस.

इंग्रजीचंही तसंच. मूल मोठ्याने वाचत असताना दर शब्दाला टोकू नका. परिच्छेद पूर्ण होऊ द्या, मग दोनच चुका सांगा. उद्या वर्गात वाचायचा उतारा आज घरी दोनदा वाचून घ्या.

मात्र आधी तपासणी हवीच. वजन घटणं, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, झोपेतून उठवणारं दुखणं ही लक्षणं शाळेच्या भीतीच्या खात्यावर टाकू नयेत. नजर आणि ऐकू येणंही तपासावं. नीट शिकवूनही अक्षरं किंवा आकडे बसत नसतील, तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि अशा मुलांना परीक्षेत सवलतीही मिळतात.

त्या मुलीला शेजारची बारावीतली ताई रोज अर्धा तास शिकवू लागली, तिसरीच्या पुस्तकापासून. दिवाळीनंतर मायलेकी पुन्हा आल्या त्या धाकट्या भावाच्या खोकल्यासाठी. "पोट काय म्हणतंय?" मी विचारलं. "कधीकधी दुखतं," ती म्हणाली, "पण जाते मी शाळेत." शाळा सोडवण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नव्हता.

तिला दोन वेळा दिलेली औषधं मला अजून आठवतात. शाळेच्या दिवशीच पोट दुखणाऱ्या मुलाला डॉक्टरकडे जरूर आणा. येताना जुन्या केसपेपरबरोबर त्याची गणिताची वहीही आणा.