तेल्याचे औषध कोणते, ते कागदावर द्या

मृग बहार धरणाऱ्यांच्या पत्रांनी या महिन्यात टेबल भरले आहे. बहुतेकांचा प्रश्न एकच: डाळिंबाच्या तेल्यावर, म्हणजे जिवाणूजन्य करप्यावर, स्ट्रेप्टो मारायचे की नाही? पिलीव भागातल्या एका बागायतदाराने तर पुडीच पाकिटात घालून पाठवली आणि 'नाव छापू नका' या शब्दांखाली दोनदा रेघ ओढली. सहा ग्रॅमची ती पुडी आम्ही उलटीसुलटी करून वाचली. बारीक अक्षरांतल्या पिकांच्या यादीत डाळिंब नाही. नसणारच. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीनच्या या नव्वद-दहा मिश्रणाला केंद्रीय नोंदणीत आठ पिके मिळाली आहेत: सफरचंद, घेवडा, लिंबूवर्गीय फळे, बटाटा, टोमॅटो, तंबाखू, भात आणि चहा. तंबाखू आहे, चहा आहे. माळशिरस, सांगोला, आटपाडी, पंढरपूर या पट्ट्यात ज्या पिकावर हे औषध वर्षानुवर्षे बॅरलने ओतले, ते पीक तेवढे नाही.

बॅरलने हा शब्द मुद्दाम वापरला. छापील वेळापत्रकांत प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम असे होते, सोबत ताम्रयुक्त बुरशीनाशक. दोनशे लिटरच्या बॅरलला शंभर ग्रॅम, म्हणजे सोळा-सतरा पुड्या फोडायच्या. पावसाळी हवामानात हप्त्याला एक हात. आता हिशेब करा, एका मृग बहारात एका एकरावर किती पुड्या गेल्या असतील. हे कोणी चोरून केले नाही. ही शिफारस मेळाव्यांत सांगितली गेली, घडीपत्रिकांत छापली गेली, आणि आमच्याही अंकांत आली. कायद्याच्या भाषेत मात्र ती पहिल्या दिवसापासून 'लेबल क्लेम' नसलेली, म्हणजे नोंदणीत त्या पिकाचे नाव नसलेली, फवारणी होती.

मग लेबल क्लेम असलेले औषध कोणते? हा साधा प्रश्न घेऊन आमचे दोन सभासद एका सरकारी कार्यालयात गेले. तिथे सांगितले, विद्यापीठाच्या शिफारशी पाहा. शिफारस करणाऱ्यांना विचारले, तर ते म्हणाले, आम्ही चाचण्या घेतो, नोंदणीसाठी अर्ज कंपनीने करायचा असतो. कंपनीच्या प्रतिनिधीला गाठले. त्याने चहा पाजला आणि मोकळेपणाने सांगितले की डाळिंबाचे क्षेत्र कापूस-सोयाबीनच्या मानाने किरकोळ, त्यासाठी वेगळ्या अवशेष-चाचण्यांचा खर्च निघत नाही, शेतकरी तसेही औषध वापरतातच. शेवटी लेखी अर्ज केला. उत्तर आले, 'आपला विषय या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नसल्याने योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आला आहे.' पुढे म्हणजे कुठे, हे त्या कागदावर नाही. जावक क्रमांक मात्र ठसठशीत आहे.

या गोंधळावर 2021 च्या डिसेंबरात आणखी एक थर चढला. केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लीनवर बंदी घालणारा मसुदा आदेश काढला. 1 फेब्रुवारी 2022 पासून आयात आणि उत्पादन बंद, 1 जानेवारी 2024 पासून वापर पूर्ण बंद, अशा तारखा त्यात होत्या. आज तालुक्यात कोणालाही विचारा. एक अधिकारी म्हणतो बंदी आहे, दुसरा म्हणतो तो नुसता मसुदा होता, तिसरा म्हणतो वरून पत्र आले की कळवू. दुकानदाराला या वादाशी देणेघेणे नाही. पुडी मिळते. पक्के बिल मागितले की तो वर बघतो, आणि फारच आग्रह धरला तर बिलावर भलत्याच औषधाचे नाव टाकून देतो. उद्या नमुन्यात अवशेष सापडला तर बिलही आपल्या बाजूने बोलणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण काही सभासदांना ती रुचणार नाही. बंदीमागचे शास्त्र खरे आहे. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात जमिनीतल्या जिवाणूपासून मिळाले, आणि क्षयरोगावर चालणारे ते पहिले औषध ठरले. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. हे औषध जिवाणूच्या रायबोसोमवर काम करते. तिथल्या एस-12 प्रथिनात 43 व्या जागेवरचे लायसीन बदलून आर्जिनीन आले की औषध निकामी होते. क्षयाच्या जिवाणूत हा बदल सापडतो. सफरचंदाच्या फायर ब्लाइट रोगाच्या जिवाणूतही नेमका हाच बदल सापडतो. कॅलिफोर्नियाच्या फळबागांत तो जिवाणू 1970 च्या दशकातच स्ट्रेप्टोला दाद देईनासा झाला. शिवाय स्ट्रॅ-ए आणि स्ट्रॅ-बी नावाची प्रतिकाराची जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतात, आणि ती झाडांवरच्या, जनावरांच्या आणि माणसांच्या अशा तिन्ही ठिकाणच्या जिवाणूंत आढळली आहेत. 'लॅन्सेट'मध्ये 2022 साली आलेल्या जागतिक अभ्यासाने 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू 12 लाख 70 हजार धरले आहेत. त्यातले किती शेतीमुळे, हे कोणी सांगू शकत नाही. पण बॅरल ढवळणारा गडी तोंडाला फडके न बांधता त्या धुक्यात उभा असतो, हे आपण रोज पाहतो.

आणि हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत लिंबूवर्गीय बागांवर स्ट्रेप्टोमायसिन मारायला तिथल्या पर्यावरण संस्थेने दिलेली परवानगी 2023 च्या डिसेंबरात न्यायालयाने रद्द केली. तेव्हा पुडीच्या बाजूने लढण्यात शक्ती घालवू नका. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना 1954 मध्ये गरिबाला पेनिसिलीन मिळावे म्हणून उभा राहिला. प्रतिजैविक माणसासाठी राखून ठेवायचे असेल, तर त्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही.

आपली तक्रार वेगळी आहे. काढून घेताय ते घ्या, पण बदली काय देताय ते छापून द्या. आणि बदली नाही असे कोणी म्हणू नये, कारण संशोधन बसून राहिलेले नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या मोंडल आणि मणी यांनी 2012 मध्येच आपल्या तेल्याच्या झँथोमोनासवर नॅनो तांब्याची चाचणी प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत 0.2 पीपीएमला जिवाणूची वाढ दबली. कॉपर ऑक्सिक्लोराइडची जी मात्रा आपण मारतो, तिच्या दहा हजार पटींहून ही कमी. प्रयोगशाळेतले सगळे बांधावर टिकत नाही, हे आम्हालाही कळते. ऊन, पाऊस, पानावरचा मेणाचा थर, जमिनीतले गांडूळ, सगळ्यांची परीक्षा घ्यावी लागते. पण ती कोणी घ्यायची? 2020 च्या जुलैमध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढच्याच वर्षी नॅनो युरिया खत नियंत्रण आदेशात येऊन बसला. खताची वाट वेगळी आणि 1968 च्या कीटकनाशक कायद्याची वाट वेगळी, हे उत्तर आम्हाला पाठ आहे. युरियासाठी जी तत्परता दिसली तिच्या निम्मी तरी तेल्यासाठी दिसू द्या, एवढेच मागणे आहे. (तोवर लेबलवर 'नॅनो' लिहिलेल्या, नोंदणी क्रमांक नसलेल्या बाटल्या घेऊन कोणी बांधावर आला तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा.)

झँथोमोनासला खाणारे विषाणू, म्हणजे फाज, अमेरिकेत टोमॅटो आणि मिरचीसाठी 2005 पासून नोंदणीकृत आहेत. तेल्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे लिंबावरचा खैऱ्या. त्याला दार उघडून देणारे लॉब-1 हे जनुक संपादित करून फ्लोरिडात आणि चीनमध्ये 2017 सालीच संत्रावर्गीय झाडांत प्रतिकार आणून दाखवला. आपल्या सरकारने 2022 च्या मार्चमध्ये बाहेरचे जनुक नसलेल्या संपादित वाणांना कडक नियमांतून सूट दिली, आणि 2025 च्या मे महिन्यात असे दोन भाताचे वाण जाहीरही झाले. आपल्याकडे मैलोनमैल एकटा भगवा वाण उभा आहे, गुटी कलमाने वाढवलेला, एकाच रक्ताचा. एका झाडाला जे चालते ते सगळ्यांना चालते. या पिकाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र 2005 पासून सोलापुरातच आहे. 'सोलापूर लाल'सारखा लोह आणि जस्त जास्त असलेला वाण तिथून आला, त्याचे कौतुक आम्ही याच पानावर केले आहे. आता तेल्याला न बळी पडणाऱ्या भगव्याचा प्रकल्प घ्या, त्याचा कालावधी जाहीर करा आणि दर सहा महिन्यांनी प्रगती छापा. डाळिंबातल्या घटकांपासून आतड्यात तयार होणारे युरोलिथिन म्हाताऱ्यांच्या स्नायूंना बळ देते, असे निष्कर्ष परदेशातून येतात आणि त्यांची कात्रणे आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतात. वाचून बरे वाटते. पण फळ झाडावर राहिले तर त्याचे गुण.

तिकडे वेष्टनशास्त्राने आपले काम चोख केले आहे. फळाचा श्वास मंदावणाऱ्या पिशव्या आणि शीतसाखळी यांच्या जोरावर 6 डिसेंबर 2024 ला निघालेला सोलापूर भागातला 5.7 टन माल समुद्रमार्गे 13 जानेवारी 2025 ला सिडनीला पोहोचला. विमानभाड्याच्या मानाने हा मार्ग किती स्वस्त, ते निर्यातदारांना विचारा. पण त्या खोक्यात जायचे तर अनारनेट या निर्यात-नोंदणी प्रणालीत बागेची नोंदणी हवी, फवारणीची वही हवी आणि अवशेषाचा अहवाल स्वच्छ हवा. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लागते. अर्ध्या ग्रॅमच्या मात्रेचा हिशेब तिथे चालत नाही.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. अधिकाऱ्यांवर राग काढणे सोपे आहे आणि आम्ही तो काढला. पण तेल्याला आमंत्रण देण्यात आपला हात कोणी धरला होता? मागच्या मृगात या भागातल्या अनेक बागांत आम्ही फिरलो. पान उन्हाकडे धरले की ठिपका तेलाच्या डागासारखा पारदर्शक दिसायचा, फळावर एल आणि वाय आकाराचे तडे, आणि तीच फळे तोडून बांधाच्या कडेला, ठिबकच्या नळीपासून हातभर अंतरावर टाकलेली. पावसाचा थेंब त्यांच्यावर पडून शेजारच्या ओळीत उडणार, हे सांगायला संशोधन केंद्र लागत नाही. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर तशीच जाते, सोडियम हायपोक्लोराइटच्या बादलीत ती बुडवायला कोणाला वेळ नाही. छाटल्यावर फांदीच्या तोंडाला दहा टक्के बोर्डो पेस्ट लावायची, तर मजूर परवडत नाही म्हणतात. त्याच माणसाला टॉनिकच्या बाटल्या परवडतात. बागेला तीन-चार महिने विश्रांती न देता एका वर्षात दोन बहार ओढणारे आहेत. ओळखीच्याच्या बागेतून फुकटात आणलेली गुटी कलमे लावणारे तर कितीतरी. आणि सगळ्यांत जुनी खोड म्हणजे संप्रेरक असो, विद्राव्य खत असो, त्या टाकीत 'असू द्या' म्हणून दोन पुड्या स्ट्रेप्टो. रोग नसताना. हे बंद झालेच पाहिजे, बंदी अंतिम असो वा मसुद्यातली.

ज्यांची बाग तेल्याने दरवर्षी उठते त्यांनी यंदा मृग बहार सोडून हस्त बहार धरावा. दमट उबेत, 28 ते 32 अंशांच्या आसपास हा जिवाणू फोफावतो. त्याच्या हंगामात त्याच्याशी भांडण घेण्याचे कारण नाही. हस्ताला पाण्याची अडचण आहे, हे दक्षिण भागातल्या मंडळींना आम्ही सांगायला नको. नीरा कालव्याचे पाणी ज्यांच्या शिवारापर्यंत येत नाही त्यांना शेततळ्याच्या हिशेबानेच ठरवावे लागेल. ज्यांना मृगच धरायचा आहे त्यांनी एक टक्का बोर्डो, बागेची स्वच्छता आणि सॅलिसिलिक ॲसिड, लिटरला 0.3 ग्रॅमने महिन्याच्या अंतराने, यावर भर द्यावा.

आणि आता कामाचे. नोंदणी समितीकडे आणि राज्याच्या कृषी आयुक्तांकडे आपण एकत्र निवेदन देत आहोत. मागण्या दोनच: डाळिंबाच्या तेल्यासाठी कायद्याने चालणाऱ्या औषधांची मराठीतली यादी, सही-शिक्क्यासह, दर बहाराआधी, आणि जी औषधे चाचण्यांत उतरली आहेत त्यांच्या डाळिंबावरील नोंदणीचा खर्च शासनाने उचलणे. नुसत्या सह्यांच्या निवेदनाचे काय होते ते आपण जाणतो, त्याला जावक क्रमांक मिळतो. म्हणून या वेळी सोबत पुरावा जोडायचा आहे. गेल्या तीन बहारांत काय मारले, किती मारले, कोणी सांगितले म्हणून मारले आणि तेल्या किती टक्के आला, याच्या नोंदी हव्यात. नाव गुप्त राहील, गाव तेवढे लिहा. फवारणीच्या वहीची छायाप्रत मृगाची पानगळ करण्याआधी कार्यालयात पोहोचली पाहिजे. वही नसेल त्यांनी औषधांची बिले आणावीत. बिलेही नसतील, तर आधी दुकानदाराकडे जाऊन ती मागावीत.