भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घ्या

दिवाळी तोंडावर आली की आमच्या सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्यात आणि भोवतालच्या मळ्यांवर एक सल्ला हमखास ऐकू येतो: फटाक्याला भ्यालेल्या कुत्र्याला कुरवाळू नका, लाडानं ते आणखी भित्रं होतं. त्याच्याच जोडीचा दुसरा: त्याच्यापुढं चार लक्ष्मी तोटे वाजवा, आपोआप भीती मोडेल. दोन्ही चूक आहेत. दुसरा तर क्रूर आहे.

पहिल्याचा आधार असा, की बक्षीस दिलं की वागणूक पक्की होते. बस म्हटल्यावर कुत्रं बसलं, भाकरीचा तुकडा मिळाला, की ते पुन्हा बसतं. हे खरंच आहे. पण बसणं त्याच्या मर्जीतलं असतं. अंग कापणं, लाळ गळणं, छाती धडधडणं ते ठरवून करत नाही. मग कुरवाळल्यानं ते वाढेल कसं? उलट प्रत्येक धमाक्यापाठोपाठ आवडीचं खाणं मिळालं, तर त्या आवाजाचा खाण्याशी संबंध जुळू लागतो. शास्त्रज्ञ पावलोव्हनं कुत्र्यांवरच दाखवलेलं हे तत्त्व. स्वित्झर्लंडमधल्या स्टेफनी रीमर यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, धमाक्यानंतर खाऊ किंवा खेळ देणाऱ्या 70 टक्क्यांहून अधिक मालकांनी गुण आल्याचं सांगितलं.

तोटे वाजवून सवय लावा म्हणणारे देवळाजवळच्या कुत्र्यांचा दाखला देतात: ती घंटेला कुठं दचकतात? पण घंटा रोजची आणि बेताची. सुतळी बॉम्ब कधी, कुठून फुटेल याचा नेम नाही. कायद्याच्या मर्यादेतला फटाकासुद्धा चार मीटरवर 125 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. साखळीला बांधलेल्या जनावरापुढं तो वाजवला की भीती दरसाल वाढू शकते. साखळी तुटली, तर ते उसात शिरतं नाहीतर सांगली रस्त्यावर येतं.

सण बंद करा असं माझं म्हणणं नाही. आपल्याच जिल्ह्यात कवठे एकंदला दसऱ्याचं दारूकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. दसरा-दिवाळीची तारीख कॅलेंडरात आधीच छापलेली असते, मग तयारीला उशीर का?

पावसाळ्यातच मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा, तेव्हाच त्याला खायला द्या. ते निवांत खात असेल तरच आवाज किंचित वाढवा. कान पाडले की लगेच मागे या. सणाच्या दिवशी फिरवणं आणि जेवण दिवस मावळायच्या आत उरका. आतली खोली, बंद खिडक्या, टीव्ही चालू. खाटेखाली शिरलं तर ओढून काढू नका. तुमच्याजवळ आलं तर जवळ घ्या, पाठीवरून हात फिरवा. पट्ट्यावर फोन नंबर असू द्या.

फारच घाबरत असेल तर दसऱ्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मनानं देऊ नका. नुसतं सुस्त करणारं औषध लिहून मिळालं तर त्यांना स्पष्ट विचारा, यानं भीती कमी होते का? उदाहरणार्थ, एसीप्रोमाझिन हे औषध एकटं दिलं तर हालचाल थंडावते, भीती तशीच राहते. योग्य औषध मिळालं तरी त्याचा पहिला डोस लक्ष्मीपूजनाच्या रात्री नको. आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघा.