वादळाचा इशारा आणि काम थांबविण्याचा अधिकार

मोसमी पावसापूर्वीचे दोन महिने आणि पाऊस ओसरल्यानंतरचे तीन महिने आपल्या दोन्ही समुद्रांत चक्रीवादळांचा काळ असतो. वादळ किनाऱ्यास लागले की "निसर्गाचा कोप" हे शब्द ठरल्याप्रमाणे छापले जातात, मंत्रिगण हेलिकॉप्टरमधून पाहणी करतात, मदतीचे आकडे जाहीर होतात आणि पंधरवड्यात सारे विस्मरणात जाते. वादळ निसर्गाचे असते याबद्दल वाद नाही. परंतु त्यात कोणी मरावयाचे हे निसर्ग ठरवीत नाही.

ओडिशाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ किनाऱ्यास लागले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता आणि पाच-सहा मीटर उंचीचे उधाण जमिनीवर चालून आले. सरकारी हिशेबानेच सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यातील होती, आणि ती वाऱ्याने नव्हे तर पाण्याने मेली. वेधशाळेने इशारा दिला नव्हता असे नाही. पण मातीच्या भिंतीआड राहणाऱ्या शेतमजुराने आणि कोळ्याने तो ऐकून जावे कोठे? पक्के निवारे मोजकेच होते. पुढे त्याच राज्यात गावोगावी निवारे बांधले गेले, स्वयंसेवक तयार झाले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपालपूरजवळ 'फायलिन' आले तेव्हा सुमारे दहा लाख माणसे अगोदरच हलविण्यात आली होती आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. ३ मे २०१९ च्या 'फनी' वादळातही तसेच झाले. ही दोन्ही वादळे १९९९ च्या वादळाइतकी तीव्र नव्हती हे मान्य केले पाहिजे. तथापि दहा हजार आणि शंभर यांतील अंतर केवळ वाऱ्याच्या वेगाने उलगडत नाही. सरकारांची स्तुती करणे हे आमचे काम नव्हे, पण सार्वजनिक पैसा, सार्वजनिक यंत्रणा आणि सार्वजनिक विज्ञान एकत्र आले तर काय घडते, याचा हा पुरावा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

आता प्रश्न अधिक बिकट होत चालला आहे. चक्रीवादळाचे इंधन म्हणजे समुद्राची उष्णता. पृष्ठभागाचे पाणी सुमारे साडेसव्वीस अंशांहून अधिक तापलेले असले की त्याची वाफ मोठ्या प्रमाणावर वर चढते. वर ती थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होताना सुप्त उष्णता मोकळी होते. त्या उष्णतेने हवा आणखी वर उचलली जाते, खालचा दाब घटतो, भोवतालची हवा आत धाव घेते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे वळत वळत भोवरा धरते. कोळसा आणि तेल जाळून आपण वातावरणात जी जादा उष्णता कोंडली आहे, तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक महासागरांनी पोटात घेतली आहे. शिवाय हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे इंधनही अधिक आणि पाऊसही अधिक. प्रत्येक वादळाचे खापर तापमानवाढीवर फोडणे हे शास्त्र नव्हे. जगात वादळांची एकूण संख्या वाढत आहे असेही शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. तीव्र वादळांचे प्रमाण वाढत आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाई. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांना १९८२ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे सुमारे निम्म्याने वाढलेली आढळली.

याहून घातक गोष्ट अशी की काही वादळे आता फार थोड्या वेळात बळावतात. नोव्हेंबर २०१७ अखेरीस कन्याकुमारीजवळ 'ओखी' एका दिवसात कमी दाबाच्या क्षेत्रातून चक्रीवादळ झाले. कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरमचे मच्छीमार त्याआधीच खोल समुद्रात गेले होते. त्यांच्या होड्यांवर इशारा पोहोचविण्याचे साधन नव्हते, आणि शेकडो घरांतील माणसे परत आली नाहीत.

तेथे इशारा पोहोचला नाही असे तरी म्हणता येते. मे २०२१ मध्ये मुंबईसमोरच्या समुद्रात तेही म्हणता आले नाही. 'तौक्ते' वादळाच्या सूचना ते तयार होण्यापूर्वीपासून सुरू होत्या, आणि त्याच्या मार्गाचा अंदाजही बऱ्याच अंशी बरोबर ठरला. तरीही तेलक्षेत्रातील कामगारांचे वसतिस्थान असलेले 'पी-३०५' हे बार्ज किनाऱ्याकडे न आणता समुद्रातच नांगरून ठेवण्यात आले. नांगर तुटले, बार्ज वाहवत गेले आणि १७ मे रोजी बुडाले. त्यावर २६१ माणसे होती, देशाच्या अनेक राज्यांतून पोटासाठी आलेली. नौदलाच्या जवानांनी खवळलेल्या समुद्रातून बहुतेकांना वाचविले, पण सत्तराहून अधिक कामगार गेले. त्यानंतर काय झाले? गुन्हा प्रथम नोंदविला गेला तो कप्तानावर, जो स्वतः त्या वेळी बेपत्ता होता. चौकशी समिती नेमली गेली. काम देणारे, कंत्राटदार आणि बार्जमालक यांच्यात जबाबदारी मात्र चेंडूसारखी फिरत राहिली.

येथे विज्ञान अपुरे पडले नाही. अपुरा पडला तो अधिकार. ओडिशाच्या शेतमजुराला हलविण्यास निदान सरकारी यंत्रणा दारात आली. बार्जवरचा वेल्डर इशारा ऐकूनही काम टाकून जाऊ शकत नव्हता, कारण समुद्रातून परत येण्याचे साधन मालकाच्या हाती होते. मोसमी पावसापूर्वी समुद्रातील कामे उरकण्याची घाई असते, उभ्या बार्जचे भाडे चढत असते, आणि त्या हिशेबात कंत्राटी कामगाराचा जीव ही सर्वांत स्वस्त बाब ठरते. वादळे आता अधिक वेगाने बळावणार असतील, तर निर्णय घेण्यास मिळणारे तास कमी होणार आहेत. ते तास मालकांच्या वाटाघाटींत खर्ची पडू देता कामा नयेत.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. हवामान खात्याने ठरावीक पातळीचा इशारा देताच समुद्रावरील, बंदरांतील आणि किनाऱ्यावरील बांधकामांवरील काम थांबविणे कायद्याने बंधनकारक असावे, आणि बंदीच्या दिवसांची पूर्ण मजुरी मालकाने द्यावी. हाच न्याय मच्छीमारांना लावून समुद्रबंदीच्या दिवसांचा निर्वाहभत्ता मिळावा, अन्यथा रिकाम्या चुलीपुढे कोणताही इशारा टिकत नाही. प्रत्येक होडीवर उपग्रहामार्फत संदेश घेणारे यंत्र सरकारी खर्चाने बसवावे. किनाऱ्यावरील राज्यांतील आपल्या संघटनांनी पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वीच आपापल्या बंदरातून समुद्रात जाणाऱ्या बार्जची, त्यांवरील कामगारांची आणि परत आणण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांची नावनिशीवार यादी प्रशासनाकडे लेखी मागावी.