जुने गलबत आणि परवडणारा हात

मानवतला समुद्र नाही. आमच्या गावाची ओळख कापसाच्या बाजारपेठेची. मोठे पाणी पाहायचे तर गोदावरी गाठावी लागते. तरीही वर्गात ‘आज्ञापत्र’ शिकवताना आरमाराचे प्रकरण आले की गुराब, गलबत, शिबाड, तरांडे हे शब्द फळ्यावर लिहावेच लागतात. मागे एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, गलबत जुने झाले तर ते नीट कोण करायचे?” “सुतार,” असे म्हणून आम्ही पुढे गेलो. उत्तर चूक नव्हते. पण किती अपुरे होते, ते नंतर ध्यानात आले.

रामचंद्रपंत अमात्यांच्या या ग्रंथातील झाडांविषयीचा मजकूर आपण बहुधा पर्यावरणप्रेमाचा दाखला म्हणून शिकवतो. मूळ प्रश्न मात्र जहाजांच्या लाकडाचा आहे. सागवान परवानगीने तोडावे. आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण ती रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. राज्याला गलबत हवे आहे, पण त्याची किंमत दुर्बळाने सोसू नये, हे त्यातील सूत्र. ‘परवडणे’ या शब्दाचा विचार करताना आम्हांला ते फार मोलाचे वाटते.

आज कोकणच्या किनाऱ्यावर एखाद्याजवळ वाडवडिलांची शिडाची लाकडी होडी असेल आणि ती पुन्हा पाण्यात उतरवावी असे त्याच्या मनात आले, तर काय करावे लागते? कुजलेल्या फळ्या काढून त्याच बाकाच्या नव्या बसवायच्या. बरगड्यांसाठी निसर्गतःच वाकलेले लाकूड शोधायचे. फळ्यांमधील फटींत कापसाची वात ठासून वर राळ-तेलाचा लेप द्यायचा. (कापूस आम्ही पिकवतो, तो होडीच्या फटीतही जातो, हे आम्हांला उशिरा कळले.) शेवटी डोलकाठी, परबाण आणि शीड. ही सारी कामे जाणणारा कारागीर सापडणे हीच खरी अडचण. इंजिन आले, फायबरच्या होड्या आल्या आणि शिडाचे नित्याचे काम आटले. मच्छीमाराने फायबर पत्करले यात त्याचा दोष नाही. त्याला पोट आहे. पण दरवर्षी चार होड्या नीट करणाऱ्याला जे काम सहज आणि स्वस्तात करता येते, तेच दहा वर्षांतून एकदा करायचे झाले की महाग पडते. आमच्या मते, हे काम परवडत नाही ते कारागिराच्या मजुरीमुळे नव्हे, तर कामाचे सातत्य तुटल्यामुळे.

याला दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईत बांधले गेले आणि 1817 साली पाण्यात उतरले. त्याचा जीर्णोद्धार झाला तो इंग्लंडमधील हार्टलपूल येथे, 1990 ते 2001 या काळात. मुंबईने घडवलेले गलबत आज तेथे पाहावे लागते. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. मराठवाड्यातील अजिंठ्याच्या भित्तिचित्रात एक जहाज आहे. त्यावरून गोव्यात ‘कौंडिण्य’ हे खिळ्यांविना, काथ्याने शिवलेले जहाज उभे राहिले. पैसा केंद्रीय संस्कृती मंत्रालयाचा होता. मे 2025 मध्ये कारवार येथे ते नौदलात दाखल झाले आणि 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून मस्कतच्या प्रवासाला निघाले. चित्राने आकार दिला. टाका कसा घालायचा हे चित्र सांगत नव्हते. ते केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या हाताखालचे कारागीर जाणत होते. ते हात उरले नसते, तर अजिंठ्याचे जहाज भिंतीवरच राहिले असते.

‘कौंडिण्य’चा आम्हांला अभिमान आहे. पण एका भव्य पुनर्निर्मितीने किनाऱ्यावरच्या लहान होडीचा प्रश्न सुटत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत नौका बांधणाऱ्यांचा समावेश आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत सवलतीचे कर्ज त्यात मिळते. परंतु कर्ज म्हणजे काम नव्हे. अवजारे हाती आली आणि होडी घेऊन कोणी आलेच नाही, तर हप्ता कशातून फेडायचा? म्हणून मदतीचा काही भाग जुन्या होडीच्या मालकाकडे, दुरुस्तीच्या खर्चापोटी जावा आणि त्या कामावर एक शिकाऊ हात असावा अशी अट असावी. असे केल्यास कारागिराची मजुरी न कापता दुरुस्ती परवडेल. प्रत्येक होडी वाचणार नाही, वाचवूही नये. पण प्रत्येक घाटाची एखादी तरी तरंगती राहावी.

यात साहित्याच्या माणसांचा काय संबंध, असे कोणी विचारील. मोल्सवर्थच्या कोशात नौकानयनाचे कितीतरी मराठी शब्द नोंदले आहेत. कोशातला शब्द हा अजिंठ्याच्या चित्रासारखा आहे: आकार कळतो, टाका कळत नाही. किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना एखाद्या दुरुस्तीच्या जागी महिनाभर बसवावे, प्रत्येक फळीचे, गाठीचे, हत्याराचे नाव कारागिराच्या तोंडून टिपून घ्यावे आणि त्याच्या मोडलेल्या वेळेचे मानधन द्यावे. आपण ज्ञान फुकट घेतो आणि त्याला ‘मुलाखत’ म्हणतो. अमात्यांना हे रुचले नसते.

त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला आम्ही नवे उत्तर दिले: नीट करणारा अजून आहे, पण त्याच्याकडे काम घेऊन जावे लागेल. तिने लगेच विचारले, “मग पैसे कोण देणार?” ‘आज्ञापत्रा’तील तो उतारा आम्ही पुन्हा उघडला, आणि यंदा त्याच्यावर प्रश्नही तोच घातला.