संपबंदी योग्य, पण एकतर्फी नको

पोलिसांनी संपाची भाषा काढली की सरकारची वाट ठरलेली असते: संघटनेची मान्यता काढायची, पुढाऱ्यांना अटक करायची, लष्कर बोलवायचे आणि काहींना बडतर्फ करायचे. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये हेच घडले. पोलिसांनी काळ्या फिती लावून केलेल्या निषेधानंतर १८ ऑगस्टला बाबासाहेब भोसले सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता रद्द करून पुढाऱ्यांना पकडले. चिडलेले शिपाई रस्त्यावर आले, संपावरचे गिरणी कामगार त्यांच्यात मिसळले, दंगल उसळली आणि अखेर लष्कराला पाचारण करावे लागले.

या धोरणाचे समर्थक म्हणतात, शिस्तीच्या दलात वाटाघाटी म्हणजे दुबळेपणा. हा दावा टिकत नाही. दंगल शमली ती लष्करामुळे. तक्रारी जागच्या जागीच राहिल्या. शिवाय त्या सरकारला नव्या नव्हत्या. पोलीस सुधारणांसाठी नेमलेल्या धर्मवीर आयोगाने १९७९ च्या पहिल्याच अहवालात शिपायांचे वेतन, घरे, कामाचे तास आणि तक्रार निवारण यांवर बोट ठेवले होते.

दुसरी बाजू म्हणते, गिरणी कामगाराला संप करता येतो, मग हवालदाराला का नाही? हेही पटणारे नाही. गिरणी थांबली तर कापड थांबते. ठाणे थांबले तर दुबळ्या माणसाला दाद मागायला जागाच उरत नाही. राज्यघटनेचे कलम ३३ आणि १९६६ चा पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा याच कारणासाठी आहेत. मे १९३० मध्ये सोलापुरात ब्रिटिश राजवटीच्या पोलिसांनी केलेल्या गोळीबारानंतर पोलीस माघारी गेले, तरी शहर काही दिवस लोकांनीच सांभाळले, असा दाखला कोणी देईल. पण तो परकीय सत्तेविरुद्धचा लढा होता आणि १२ मेपासून शहरावर मार्शल लॉ आला. लोकनियुक्त सरकारच्या पोलिसांना तो दाखला लागू पडत नाही.

म्हणून संपबंदी योग्यच. मात्र ज्याच्याकडून हे शेवटचे हत्यार काढून घेतले, त्याला दाद मागण्याची दुसरी खात्रीची वाट देणे सरकारवर बंधनकारक ठरते. आज खात्यात शिपायाच्या हाती आहे तो अर्ज आणि वरिष्ठांचा दरबार. आषाढीला पंढरपुरात दर्शनरांगेपाशी उभ्या असलेल्या शिपायाची साप्ताहिक सुट्टी बंदोबस्तात गेलेली असते. बदली सुट्टी मागायची ती ड्यूटी लावणाऱ्याच अधिकाऱ्याकडे. तक्रार ज्याच्याविषयी, निवाडाही त्याचाच.

ब्रिटनने १९१८ आणि १९१९ च्या पोलीस संपांनंतर दोन्ही बाजू सांभाळल्या. १९१९ मध्ये संपात उतरलेल्यांना बडतर्फ केले आणि पोलिसांना कामगार संघटनेत जाण्यास मनाई केली. पण डेस्बरो समितीच्या शिफारशीने पगार वाढवले आणि गाऱ्हाणी मांडण्यासाठी कायद्यानेच पोलीस फेडरेशन उभे केले. सुधारणेला संपच लागतो असेही नाही: महाराष्ट्रात २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला, तो कोणत्याही संपाविना.

तेव्हा सरकारने तीन गोष्टी कराव्यात. शिपायांनी निवडलेल्या प्रतिनिधींचे मंडळ कायद्याने स्थापावे. वेतन, रजा आणि घरांचे वाद खात्याबाहेरच्या लवादाकडे ठरावीक मुदतीत सोपवावेत आणि त्याचा निवाडा स्वतःवरही बंधनकारक मानावा. एवढे करूनही कोणी ठाणे बंद पाडले, तर बडतर्फीचा अधिकार वापरावा. आधी न्यायाची सोय, मग शिक्षा, हाच क्रम हवा. १९८२ मध्ये सरकारने शिक्षेपासूनच सुरुवात केली.