रावण, रावेन आणि आपण

दसरा जवळ आला की आपल्या मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एकात दीक्षाभूमीला निघायची वेळ आणि गाडी असते. दुसऱ्यात मुकुट घातलेल्या रावणाचे चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बौद्ध सम्राट रावण'. सालेकसा तालुक्यातल्या एका गोंड मित्राने तो दुसरा मेसेज मला दाखवला. रावणदहन बंद व्हावे म्हणून आम्ही दोघे सोबत निवेदन घेऊन फिरलो होतो. तो म्हणाला, "भाऊ, त्यायनं आमच्या राजाले राक्षस केलं. आता तुम्ही त्याले बौद्ध करता. मंग आमचा कवा राहू द्याल?"

मला उत्तर देता आले नाही. म्हणून या नावाची चिकित्सा करायला बसलो.

संस्कृतात 'रावण' हा शब्द 'रु' म्हणजे ओरडणे या धातूपासून सांगतात. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात तर हे नाव जन्माचे नाहीच. मूळ नाव दशग्रीव. कैलास उचलताना शंकराने अंगठ्याने पर्वत दाबला, हात चिरडले, तो किंचाळला आणि मग शंकराने त्याला 'रावण' नाव दिले. म्हणजे ज्याने चिरडले त्यानेच नाव ठेवले. आपल्या आज्या-पणज्यांची दगडू, धोंडू, कचरू ही नावे आठवली की यात नवल वाटत नाही.

आता आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत, महाराष्ट्री प्राकृतात या. विमलसूरीच्या 'पउमचरिय' या जैन रामायणात राक्षस हा विद्याधरांचा एक वंश आहे. रावणाला दहा डोकी नाहीत. गळ्यातल्या हाराच्या रत्नांत नऊ चेहरे उमटले म्हणून तो दशमुख. त्याच प्राकृतात विदर्भाचा वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या नावावरचे 'सेतुबंध' काव्य आहे. त्याचे दुसरे नाव 'रावणवहो', म्हणजे रावणवध. भाषा एकच, पण एका ग्रंथात तो विद्याधर आहे आणि दुसऱ्याच्या नावातच त्याचा वध आहे. तमिळमध्ये शब्दाची सुरुवात 'र'ने होत नाही म्हणून तो 'इरावणन' झाला. पुलवर कुळंदै यांनी १९४६ साली 'रावण काव्यम्' लिहून त्याला नायक केले, तर १९४८ मध्ये सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. ती उठायला १९७१ उजाडले.

मग बौद्ध साहित्यात काय? पालीतल्या दशरथ जातकात राम आहे, सीता आहे, पण रावण नाहीच! 'लंकावतार सूत्र' या महायान ग्रंथात लंकापती रावण बुद्धांना आमंत्रण देतो आणि प्रश्न विचारतो. 'बौद्ध सम्राट'वाले याचाच दाखला देतात. पण इ.स. ४४३ मध्ये गुणभद्राने केलेल्या चिनी भाषांतरात हे रावणाचे प्रकरण नाही. ते ५१३ च्या बोधिरुचीच्या भाषांतरात सापडते. म्हणजे ते मागाहून जोडलेले दिसते. एवढ्या आधारावर सम्राट उभा राहत नाही.

आणि गोंडीत? तिथे तो 'रावेन' आहे, राजा रावेन मडावी. मडावी हे आपल्या शेजाऱ्यांचे आडनाव आहे. गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांचे मूळ नाव मोतीराम. त्यांनी स्वतःच्या नावातला 'राम' काढून 'रावण' घातला. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेत पारी कुपार लिंगोला नमन करायला येणाऱ्या माणसाला संस्कृतचा धातू विचारायची गरज नाही.

मित्रांनो, शब्दाचे मूळ संस्कृत निघो की गोंडी, त्यावर कोणाचा पूर्वज जाळायचा हे ठरत नाही. एखादा समाज ज्याला आपला राजा मानतो त्याला दरवर्षी चौकात टाळ्यांच्या गजरात जाळणे हा त्या समाजाचा अपमान आहे. दहनाला विरोध करायला एवढे कारण पुरे आहे. त्यासाठी रावणाला बौद्ध ठरवायची काहीच गरज नाही.

आपण २२ प्रतिज्ञा म्हणतो. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हा खोडसाळ प्रचार आपण नाकारतो. का नाकारतो? कारण दुसऱ्याचा महापुरुष गिळून आपल्या रांगेत बसवणे ही ब्राह्मणी चाल आहे. मग गोंडांचा रावेन उचलून आपल्या रांगेत बसवताना आपण वेगळे काय करतो? बाबासाहेबांनी राम-कृष्णाला नाकारायला सांगितले, त्यांच्या जागी रावण बसवायला सांगितले नाही. आणि 'रिडल्स' लिहिताना त्यांनी ग्रंथ उघडून, वचन तपासून प्रश्न विचारले. आपण मात्र तपासल्याशिवाय फॉरवर्ड करतो.

यंदा दसऱ्याला निळी टोपी घालून दीक्षाभूमीला जरूर जा. पण त्याआधी आपल्या गावातल्या गोंड बांधवांच्या निवेदनावर सही करा. सही समर्थक म्हणून करा, वारसदार म्हणून नको. त्या मित्राला मी आता हेच उत्तर दिले आहे.

जयभीम! जय सेवा!