विमानाची वेळ व प्रवाशाची वेळ

शाळेची घंटा होऊन चौदा मिनिटें लोटल्यावर वर्गांत शिरणाऱ्या विद्यार्थ्यास वेळेवर आलेला असें कोणी म्हणत नाहीं. विमान कंपन्यांस मात्र ही सवलत आहे. नेमलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आंत सुटलेलें अथवा पोहोंचलेलें विमान वेळेवर धरावें, असा बहुतेक देशांत परिपाठ आहे. एवढ्याबद्दल आमची तक्रार नाहीं. धुकें व पाऊस कोणाच्या हातचे नसतात. आमचा प्रश्न निराळा आहे. ही मोजणी होते ती कोणाची?

ती यंत्राची होते. चाकांचे अडसर काढून विमान जागचें हललें कीं तें सुटलें. मग धावपट्टीपाशीं तें अर्धा तास रांगेंत उभें कां राहीना! शिवाय वेळापत्रकांतच कांहीं मिनिटें जास्त धरून ठेवण्याची युक्ति आहे. त्यामुळें उशिरां निघालेलें विमानहि वेळेआधीं उतरतें, व प्रवासी उगीच खूष होतात. रद्द झालेलीं विमानें तर निराळ्याच कोष्टकांत जातात. चाळीस मिनिटांच्या उशिरामुळें पुढचें विमान चुकलें, तर कोष्टकांत चाळीस मिनिटेंच पडतात. प्रवाशाचा अख्खा दिवस बुडतो.

आमच्या भागास हा भेद अधिक जाचतो. सातारा व सांगली येथून प्रवासी विमानें सुटत नाहींत. कऱ्हाडास धावपट्टी आहे, पण नियमित वाहतूक नाहीं. पुणें सातारकरांस सुमारें ११० किलोमीटर, तर सांगलीकरांस सुमारें २३०. कोल्हापूर सांगलीस जवळ खरें, पण तेथून विमानें थोडीं. खंबाटकी घाटांत गाडी अडकेल या धास्तीनें सांगलीचें कुटुंब सहा-सात तास आधींच घर सोडतें. परततांना संध्याकाळचें विमान पुण्यास दोन तास उशिरां उतरलें, तर साताऱ्यास पोहोंचेपर्यंत खेड्याकडची शेवटची एस. टी. निघून गेलेली असते, आणि म्हातारे आईबाप स्थानकाच्या बांकावर पहाटेची वाट पाहत बसतात. लहान पल्ल्याचें विमान दोन तास खोळंबल्यास प्रवाशांस खाणेंपिणें द्यावें, असा नियम सन २०१० मध्यें झाला, हें चांगलेंच झालें. परंतु बांकावरच्या त्या रात्रीस तो लागू नाहीं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वक्तशीरपणाचे आकडे दरमहा प्रसिद्ध करतें, ते मुख्यतः मोठ्या महानगरांच्या विमानतळांचे. त्यांत पुणें-कोल्हापुरासारख्या ठिकाणांनाहि स्थान मिळावें. तसेंच, प्रवासी आपल्या तिकिटावरील शेवटच्या मुक्कामीं प्रत्यक्ष किती वाजतां पोहोंचला, याचा एक रकाना असावा, अशी आमची मागणी आहे. पुढचें विमान चुकलेल्यांचे व विमान रद्द झालेल्यांचेहि तास त्या रकान्यांत आले पाहिजेत. प्रत्येकाचें नांव व मुक्काम कंपनीच्या दप्तरीं असतोच. तेव्हां हा हिशेब तिला अवघड जाऊं नये.